कुणासाठी लिहिलं? : केनमेअरच्या सिस्टरची पुस्तकं वाचताना

मार्गारेट अ‍ॅना क्युसॅक यांच्या पुस्तकांची यादी आज वहीच्या एका पानावर उतरवायला घेतली. पान पुरलं नाही. आयर्लंडचा सचित्र इतिहास. संत पॅट्रिकचं चरित्र. केरी परगण्याचा इतिहास. डॅनिएल ओ'कॉनेलचं चरित्र. दारूबंदीसाठी झटलेल्या फादर मॅथ्यूंचं चरित्र. 'नेड रशीन' ही कादंबरी. अमेरिकेला निघालेल्या आयरिश मुलींसाठी हिताच्या गोष्टी. आजच्या समाजातलं स्त्रीचं काम. जमिनीच्या प्रश्नावरची पुस्तकं. दोन आत्मचरित्रं. आणि अखेरीस, ज्या रोमन चर्चमध्ये तीस वर्षं काढली त्याच्याच विरोधात लिहिलेली पुस्तकं. मोठी-छोटी सगळी मिळून पन्नासच्या वर.

ग्रंथपालाला ही सगळी एका कपाटात लावता येणार नाहीत. इतिहास, धर्म, शिक्षण, स्त्रिया, शेती, कादंबरी, चरित्र अशी ती विखुरतील. विषयाच्या मागे गेलं तर बाई हाती लागत नाहीत. म्हणून यादीशेजारी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, 'कुणासाठी?' पुस्तकं जशी वाचून होतील तसा तो भरायचा.

*

आयुष्याचा पहिला भाग थोडक्यात. जन्म १८२९, डब्लिन. घर प्रॉटेस्टंट, चर्च ऑफ आयर्लंडचं. वडील डॉक्टर, गरिबांच्या दवाखान्यात जाऊन औषधं देणारे. आईवडील वेगळे झाले आणि मुलगी आईबरोबर इंग्लंडात, एक्झिटरला वाढली. लग्न ठरलं होतं तो तरुण अचानक वारला. त्यानंतर त्या लंडनमध्ये अँग्लिकन धर्मपंडित डॉ. प्युसी यांच्या प्रेरणेनं सुरू झालेल्या अँग्लिकन भगिनीसंघात दाखल झाल्या. क्रिमियाच्या युद्धात जखमींच्या शुश्रूषेला जायचं होतं, पण निवड झाली नाही. १८५८ साली कॅथलिक झाल्या. लवकरच न्यूरीच्या पुअर क्लेअर मठात प्रवेश केला आणि नाव घेतलं सिस्टर मेरी फ्रान्सिस क्लेअर.

१८६१ मध्ये मदर ओ'हेगन यांच्याबरोबर मोजक्या सिस्टरांची तुकडी केरी परगण्यातल्या केनमेअरला पाठवली गेली. क्युसॅकबाई त्यात होत्या. पुढची वीस वर्षं त्या तिथं राहिल्या. 'केनमेअरची नन' म्हणून जगानं त्यांना ओळखलं ते या वीस वर्षांमुळे.

*

केनमेअर कसं गाव आहे? आयरिश भाषेत त्याचं नाव 'अन नेदीन'. म्हणजे छोटं घरटं. खाडीच्या टोकाशी, डोंगरांच्या बेचक्यात. इंग्रजी वसाहत केली सर विल्यम पेटी यांनी १६७० मध्ये. आकडेमोडीचे आणि मोजणीचे मोठे जाणकार. क्रॉमवेलच्या स्वारीनंतर आयर्लंडच्या जप्त जमिनी मोजल्या त्यांनीच. मोजता मोजता त्यांच्या स्वतःच्या नावावरही भरपूर जमीन चढली. त्यांचे वंशज म्हणजे लॅन्सडाउनचे मार्क्विस. केरीत त्यांची लाखाच्या आसपास एकर जमीन होती.

१८४५ ते १८५२ या वर्षांत बटाट्याच्या पिकावर करपा पडून जो दुष्काळ पडला त्यात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि निदान तितकीच देश सोडून गेली. केनमेअरचं 'वर्कहाउस', म्हणजे गरीबखाना, भुकेल्यांनी भरून वाहत होतं. लॅन्सडाउन यांचे मुखत्यार विल्यम स्टुअर्ट ट्रेंच यांनी हिशेब मांडला: या लोकांना इथं पोसण्यापेक्षा एकदा तिकीट काढून अमेरिकेला धाडणं स्वस्त पडेल. १८५१ पासून त्यांनी तसं केलं. आकडा त्यांनीच पुढे आपल्या पुस्तकात दिला आहे: ४,६००. त्यातली पुष्कळ कुटुंबं न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या दाटीवाटीच्या, दरिद्री वस्तीत जाऊन राहिली.

क्युसॅकबाई केनमेअरला पोहोचल्या तेव्हा या गोष्टीला दहा वर्षं झाली होती. मठाच्या शाळेत ज्या पोरी समोर बसल्या त्यांच्या मावश्या, आत्या, मोठ्या बहिणी न्यूयॉर्कला होत्या. पुढची पुस्तकं वाचताना ही गोष्ट विसरायची नाही, असं स्वतःला बजावते आहे.

*

शाळेबरोबर लेस. केनमेअरच्या मठात मुलींना सुईनं लेस विणायला शिकवत. धागा सुती नसे, तागाचा असे, त्यामुळे लेस घट्ट आणि टिकाऊ होई. 'केनमेअर लेस' हे नाव अजून टिकून आहे. अक्षरओळख आणि सुई एकाच खोलीत. पोट आणि डोकं वेगळं न काढणारी ही शाळा होती.

*

'अ‍ॅन इलस्ट्रेटेड हिस्टरी ऑफ आयर्लंड', १८६८. चित्रं हेन्री डॉइल यांची. हे डॉइल लगेच पुढच्या वर्षी आयर्लंडच्या नॅशनल गॅलरीचे संचालक झाले. शेरलॉक होम्सचे कर्ते आर्थर कॉनन डॉइल यांचे ते काका.

हे पुस्तक का हवं होतं ते समजून घ्यायला तेव्हाच्या सरकारी शाळा पाहाव्या लागतात. १८३१ पासून आयर्लंडमध्ये राष्ट्रीय शाळांची व्यवस्था होती. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मुलांनी एकत्र शिकावं, धर्माचा तास मात्र वेगळा, असा तिचा पाया. भांडण नको म्हणून वाचनमालेतून आयर्लंडचा इतिहास जवळजवळ वगळला होता. मुलाला दूरदेशींचे प्राणी आणि अर्थशास्त्राचे प्राथमिक नियम समजत. आपल्याच डोंगरावरचा पडका मठ कुणी बांधला, कुणी पाडला, हे पुस्तकात नसे. आयरिश भाषेलाही वर्गात जागा नव्हती.

शाळेनं जे वगळलं ते घरी पोहोचवायचं, असं हे काम. म्हणून चित्रं. म्हणून सलग गोष्टीसारखी मांडणी. जो वाचू शकतो त्यानं चुलीपाशी मोठ्यानं वाचावं आणि ज्याला येत नाही त्यानं चित्र बघत ऐकावं, अशा घरासाठी हा जाडजूड ग्रंथ आहे. मी शाळेत तेवीस वर्षं इतिहास शिकवला. चित्र दाखवलं की शेवटच्या बाकावरची मान वर होते, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

*

त्याच पुस्तकाच्या तळटिपा आज दुपारभर वाचल्या. बाईंनी तळटिपांत काटकसर केलेली नाही. 'चार आचार्यांची बखर' पुन्हा पुन्हा येते. फ्रान्सिस्कन बंधू मीहाल ओ क्लेरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १६३२ ते १६३६ या काळात जुनी हस्तलिखितं गोळा करून ती रचली होती. जॉन ओ'डोनोव्हन यांनी तिची इंग्रजी भाषांतरासह आवृत्ती काढली ती दुष्काळाच्याच वर्षांत, १८४८ पासून. आणि यूजीन ओ'करी यांची हस्तलिखितांवरची व्याख्यानं छापून आली १८६१ मध्ये, म्हणजे बाई केनमेअरला आल्या त्याच वर्षी.

मठातल्या बाईला डब्लिनच्या ग्रंथालयात जाऊन बसायची सोय नव्हती. पुस्तकं टपालानं येत. पंडितांनी नुकतंच जे खणून काढलं होतं ते टपालानं मागवून, वाचून, सोप्या इंग्रजीत शेतकऱ्याच्या घरी पोहोचवायचं. ओ'डोनोव्हन आणि ओ'करी यांची महाग पुस्तकं त्या घरात कधीच गेली नसती. मधली ही पायरी बाईंनी बांधली.

रकान्यात लिहिलं: ज्याच्या घरी पुस्तक नाही त्याच्यासाठी.

*

एक वेगळी नोंद, श्रद्धेच्या पुस्तकांची. संत पॅट्रिकचं त्यांनी लिहिलेलं चरित्र १८७१ च्या सुमारास आलं. त्यात पॅट्रिकचं मध्ययुगीन 'त्रिखंडी चरित्र' इंग्रजीत पूर्ण दिलं आहे, आणि भाषांतरकार आहेत विल्यम हेनेसी, केरीचेच, जुन्या आयरिशचे नामांकित अभ्यासक. भक्तासाठी लिहिलेल्या पुस्तकात असं अस्सल साधन छापायचं हा निर्णय मला मोलाचा वाटतो. संताच्या गोष्टी सांगताना मूळ कागदही वाचकाच्या हाती दिला. त्याला तो समजेल, हा विश्वास त्यामागे आहे.

पॅट्रिक, ब्रिजिड आणि कोलम्बा या तीन संतांवरच्या पुस्तकाला नाव दिलं 'त्रियास थॉमातुर्गा'. हे नाव त्यांनी जॉन कोलगन यांच्याकडून घेतलं. कोलगन हे देशोधडीला लागलेले आयरिश फ्रान्सिस्कन. त्यांनी १६४७ मध्ये लूव्हेनला त्याच नावाचा लॅटिन ग्रंथ छापला होता. आपल्या देशात छापता येत नव्हतं म्हणून परक्या गावी छापलेलं ते पुस्तक, आणि दोनशे वर्षांनी केरीतल्या एका मठातून त्याच नावानं निघालेलं हे. पूर्वसूरींचं ऋण असं नावातून फेडता येतं.

*

'हिस्टरी ऑफ द किंगडम ऑफ केरी', १८७१. एका परगण्याचा इतिहास, आणि शीर्षकात 'राज्य'. वंशावळी आहेत: मॅकार्थी, ओ'सुलिव्हन, ओ'कॉनेल. जप्त झालेल्या जमिनींचे जुने धनी.

शाळेतली एक आठवण. सहावीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, पुस्तकात आपलं गाव कुठल्या पानावर आहे?" नव्हतं. मी काहीतरी उत्तर दिलं आणि पुढच्या धड्याकडे वळले. ते उत्तर चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. केरीचा इतिहास वाचताना ती मुलगी सारखी आठवते. ट्रेंचच्या हिशेबवहीत कुळांची नोंद होती ती खंड किती आणि थकबाकी किती एवढीच. बाईंनी त्याच माणसांच्या घराण्यांना पूर्वज दिले, सनावळ्या दिल्या. खंड थकलेल्या कुळाला आपल्या आडनावापुढे एक पान सापडलं.

*

'अ‍ॅडव्हाइस टु आयरिश गर्ल्स इन अमेरिका'. न्यूयॉर्क, १८७२. यादीतलं सगळ्यात साधं पुस्तक, आणि माझ्या लेखी मधला खांब.

आयरिश स्थलांतराचं एक वैशिष्ट्य आहे. युरोपातल्या इतर देशांतून पुरुष पुढे जात, बायका मागून. दुष्काळानंतरच्या आयर्लंडमधून जाणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळजणी अविवाहित, एकट्या. बहुतेकींना मिळायचं ते घरकाम: स्वयंपाक, धुणंभांडी, मालकाची मुलं सांभाळणं. राहायचं मालकाच्याच घरात, माळ्यावरच्या खोलीत. त्या पगारातून पैसे गावी जात; त्यातून खंड भरला जाई, धाकट्या बहिणीचं तिकीट निघे.

या मुलींशी बाई सरळ बोलतात. काम चोख करा. पैसे राखा. कुणी धर्माची टिंगल केली तर खाली मान घालू नका. गोड बोलणाऱ्या अनोळखी माणसापासून जपा. काही ठिकाणी उपदेश कडक आहे, आज वाचताना टोचतोही. पण हे पुस्तक हातात घेणारी मुलगी कोण आहे ते बाईंना माहीत आहे. तिला अर्धा तास मोकळा मिळतो तो रविवारी. तिच्या शेजारी विचारायला कुणी नाही. मोठी बहीण जे सांगेल ते हे पुस्तक सांगतं.

मोलकरणीला वाचक मानून, तिच्यासाठी वेगळं पुस्तक लिहून, छापून समुद्रापलीकडे पोहोचवणं, ही १८७२ सालातली गोष्ट आहे. रकान्यात फक्त एक शब्द लिहिला: तिच्यासाठी.

*

दोन वर्षांनी 'विमेन्स वर्क इन मॉडर्न सोसायटी', १८७४. यात सूर बदलतो, श्रोते वरच्या वर्गातले आहेत. पण प्रश्न तोच. मुलीला शिकवायचं ते कशासाठी, तिला उद्या जगायला काय येणार, तिच्या कामाला समाज काय किंमत देतो. लेसच्या खोलीत बसून पाहिलेल्या गोष्टींवर विचार करून लिहिलेलं पुस्तक आहे हे.

*

मठातच प्रकाशन. 'केनमेअर पब्लिकेशन्स' या नावानं पुस्तकं निघत. दहा वर्षांच्या आत दोन लाखांहून अधिक प्रती गेल्या, असा हिशेब दिला जातो. सोबत पत्रव्यवहाराचा डोंगर. तो उपसायला लेखनिक ठेवावे लागत. मिळकत मठाच्या आणि गरिबांच्या कामी. छोट्या घरट्यासारख्या त्या गावातून आयर्लंड, इंग्लंड, अमेरिकेकडे रोज टपाल निघत होतं.

*

१८७९. पुन्हा पाऊस, पुन्हा बटाटा गेला. पश्चिम आयर्लंडमध्ये जुन्या दुष्काळाची भीती परतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मायकल डेव्हिट यांच्या पुढाकारानं लँड लीग स्थापन झाली: खंड वाजवी हवा, कुळाला बेदखल करता कामा नये.

बाईंनी वर्तमानपत्रांना पत्रं लिहायला सुरुवात केली. इंग्लंड, अमेरिका, वसाहती. सुमारे १५,००० पौंड जमले आणि धान्य, बियाणं, कपडे अशा रूपानं वाटले गेले. आतापर्यंत पुस्तकांनी जो वाचक जोडला होता तोच आता पैसे पाठवत होता. मला खात्री आहे, त्या पाकिटांतल्या बऱ्याच नोटा माळ्यावरच्या खोल्यांतून आलेल्या होत्या.

(आपल्याकडची एक नोंद इथेच करून ठेवते. मोठ्या दुष्काळात आयर्लंडसाठी बाहेरून आलेल्या पहिल्या मोठ्या मदतींपैकी एक हिंदुस्थानातून होती. १८४६ च्या जानेवारीत कलकत्त्यात निधी उभा राहिला आणि तो सुमारे १४,००० पौंडांपर्यंत गेला. कंपनीच्या पलटणींत आयरिश शिपाई पुष्कळ होते, आणि देणाऱ्यांत इथलेही लोक होते.)

*

पैसे गोळा करण्यापर्यंत सगळे खूष होते. दुष्काळ का पडतो, हे बाई विचारू लागल्या तेव्हा वातावरण बदललं.

'द केस ऑफ आयर्लंड स्टेटेड' या पुस्तकात त्यांनी जमीनदारीवर थेट लिहिलं. केनमेअरच्या मठाच्या भिंतीला लागून जी जमीन होती तिचाच धनी समोर होता: लॅन्सडाउनचे पाचवे मार्क्विस. १८८० मध्ये ग्लॅडस्टन सरकारात ते हिंदुस्थान खात्याचे उपमंत्री होते, आणि बेदखल झालेल्या आयरिश कुळांना भरपाई देणाऱ्या विधेयकाला विरोध म्हणून त्यांनी ते पद सोडलं. पुढे १८८८ ते १८९४ ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. संमतिवयाचा १८९१ चा कायदा, ज्यावरून पुण्यात रान पेटलं, तो याच लॅन्सडाउन यांच्या कारकिर्दीतला.

आमच्या पाठ्यपुस्तकात लॅन्सडाउन हे नाव मी कैक वर्षं शिकवलं. त्यांच्या जमिनीवर खंड भरणारी कुळं होती आणि त्या कुळांच्या बाजूनं एक धर्मभगिनी लिहीत होती, हे मला आज समजतं आहे. राज्यकर्त्याची एक बाजू आपल्या पुस्तकात, दुसरी बाजू त्यांच्या पुस्तकात. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय माणूस पुरा दिसत नाही.

*

नॉक. मेयो परगण्यातलं खेडं. २१ ऑगस्ट १८७९ च्या पावसाळी संध्याकाळी तिथल्या चर्चच्या भिंतीवर मारियामाता, संत जोसेफ आणि संत योहान दिसल्याची साक्ष पंधरा जणांनी दिली. बाई १८८१ च्या अखेरीस तिथं गेल्या. मुलींसाठी मठ आणि उद्योगशाळा उभारायची होती. ट्यूअमचे आर्चबिशप मॅकेव्हिली यांच्याशी मतभेद झाले आणि १८८३ मध्ये काम अर्धवट टाकून त्या निघाल्या. या भांडणाबद्दल त्यांनी पुढे भरपूर लिहिलं. मला त्यात फार रमावंसं वाटत नाही. अर्धवट राहिलेली ती उद्योगशाळा मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

*

इंग्लंडात नॉटिंगहॅमचे बिशप बॅगशॉ यांनी आसरा दिला. तिथं जानेवारी १८८४ मध्ये नवा धर्मसंघ सुरू झाला: सिस्टर्स ऑफ सेंट जोसेफ ऑफ पीस. त्याच वर्षी रोमला जाऊन त्या पोप लिओ तेरावे यांना भेटल्या आणि मंजुरी घेऊन आल्या. मग अमेरिका. न्यूयॉर्कच्या धर्मप्रांतात शिरकाव मिळाला नाही. नदीपलीकडे नेवार्कचे बिशप विगर यांनी परवानगी दिली आणि १८८५ मध्ये जर्सी सिटीत आयरिश नोकरदार मुलींसाठी घर उघडलं.

तेरा वर्षांपूर्वी जिच्यासाठी पुस्तक लिहिलं ती मुलगी आता समोर उभी होती, गाठोडं घेऊन. पुस्तकातल्या उपदेशाला आता छप्पर आलं, खाट आली, गरम जेवण आलं. बाईंच्या सगळ्या लिखाणाचा अर्थ मला या घरात सापडतो.

*

पंडिता रमाबाई त्याच दिवसांत अमेरिकेत होत्या. १८८६ च्या मार्चमध्ये पोहोचल्या, १८८८ अखेर परतीच्या वाटेला लागल्या. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' १८८७ मध्ये तिकडेच छापलं गेलं, आणि त्यातून विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा राहिला.

दोघींच्या वाटेवर एक समान ठिकाण आहे. क्युसॅकबाईंनी पहिलं धर्मव्रत घेतलं ते प्युसींच्या चळवळीतून निघालेल्या अँग्लिकन भगिनीसंघात. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ज्या वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या, जिथं त्यांचा बाप्तिस्मा झाला, तो संघही त्याच लाटेवर उभा राहिलेला. पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या सिस्टर त्याच वाँटेजच्या. आणि दोघींचा झगडाही सारखा: श्रद्धा माझी आहे, मग तिच्याविषयी विचार करायचा अधिकार माझा का नाही? रमाबाईंनी तो प्रश्न वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना पत्रांतून विचारला. ख्रिस्ती राहून, कुणा एका चर्चच्या मुठीत न जाता, त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. क्युसॅकबाईंना तशी जागा सापडली नाही.

*

१८८८. जर्सी सिटी. न्यूयॉर्कच्या वरिष्ठांचा विरोध वाढत गेला. आपण राहिलो तर मुलींच्या घराचं नुकसान होईल, असं त्यांना वाटलं, आणि आपण स्थापलेल्या संघातून त्या बाहेर पडल्या. वय एकोणसाठ. मागे राहिलेल्या सिस्टरांची जबाबदारी मदर इव्हँजेलिस्टा यांनी घेतली आणि काम चालू ठेवलं.

*

यानंतरची पुस्तकं वाचायला मला वेळ लागला. 'लाइफ इनसाइड द चर्च ऑफ रोम', 'व्हॉट रोम टीचेस', 'द ब्लॅक पोप'. बाई पुन्हा प्रॉटेस्टंट झाल्या होत्या आणि व्याख्यानं देत फिरत होत्या. या पुस्तकांत जखम आहे, काही ठिकाणी न्याय्य तक्रार आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तोल सुटलेला आहे. ज्या श्रद्धेसाठी पूर्वी ग्रंथामागून ग्रंथ लिहिले तिच्याबद्दल असं लिहिताना हात कापला असेल का, हा विचार मनातून जात नाही.

मला खरं दुःख दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. माळ्यावरच्या खोलीतली ती मुलगी हे पुस्तक उघडणार नव्हती. तिची जपमाळ उशाशी होती. वीस वर्षं जिच्याशी बाई बोलल्या तिला आता त्यांचं पुस्तक हातात धरणंही पाप वाटलं असतं. ही पुस्तकं विकत घेणारे वाचक निराळे होते. त्यांतल्या अनेकांना केरीच्या कुळांचं काही सोयरसुतक नव्हतं. रकान्यात 'कुणासाठी?' पुढे काही सुचेना. जागा कोरी सोडली.

*

दोन आत्मचरित्रं शेजारी ठेवून वाचली. पहिलं 'द नन ऑफ केनमेअर', १८८९. दुसरं 'द स्टोरी ऑफ माय लाइफ', १८९१. मध्ये जेमतेम दोन वर्षं. पहिल्यात दुखावलेली कॅथलिक बाई आपली बाजू मांडते. दुसऱ्यात चर्च सोडलेली बाई मागे वळून बघते. आठवणी त्याच, प्रकाश निराळा. एकीला खरी आणि दुसरीला खोटी ठरवायचा मोह होतो. तो आवरावा. माणसाच्या आयुष्याचा अर्थ त्याला स्वतःलाही एका बैठकीत लागत नाही, आणि या बाईंनी प्रत्येक बैठकीत जे वाटलं ते नावानिशी छापलं.

*

५ जून १८९९. लेमिंग्टन, इंग्लंड. सत्तर वर्षांच्या होत्या. अंत्यविधी अँग्लिकन पद्धतीनं झाला.

*

नंतरची कित्येक दशकं त्यांच्याच धर्मसंघात त्यांचं नाव फारसं उच्चारलं जात नव्हतं. संस्थापिका चर्च सोडून गेलेली, हे नव्या सिस्टरांना सांगायचं कसं? मदर इव्हँजेलिस्टा यांचं नाव पुढे राहिलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं सगळ्या धर्मसंघांना आपल्या मुळांकडे परत बघायला सांगितलं, आणि १९७० मध्ये या सिस्टरांनी तसं बघितलं. जुने कागद बाहेर काढले, पुस्तकं बाहेर काढली आणि संस्थापिका म्हणून त्यांचं नाव पुन्हा लावलं. त्याच वर्षी आयरीन फ्रेंच ईगर यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्रही आलं.

(रमाबाईंची आणि वाँटेजच्या सिस्टरांची पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. जपून ठेवली होती ती सिस्टर जेराल्डीन यांनीच. जिच्याशी वाद घातला तिनंच कागद सांभाळले.)

*

संस्थापिकेचं नाव परत घ्यायचं म्हणजे सोयीचा अर्धा भाग घेऊन भागत नाही. संत पॅट्रिक घ्यायचा तर 'ब्लॅक पोप'ही घ्यावा लागतो. त्या सिस्टरांनी अख्खी बाई घेतली. ज्या पुस्तकांत त्यांच्याच चर्चवर आसूड ओढला होता तीही आता त्यांच्याच घरात आहेत, त्यांच्याच वारशात मोजली जातात.

*

रात्री वही पुन्हा उघडली. सचित्र इतिहास: ज्याच्या घरी पुस्तक नाही त्याच्यासाठी. केरी: ज्याला आपलं आडनाव शोधायचं आहे त्याच्यासाठी. अमेरिकेतल्या मुलींचं पुस्तक: तिच्यासाठी. जमिनीची पुस्तकं: तिच्या बापासाठी. लेस आणि शाळा रकान्यात नव्हत्या, त्या कडेला लिहून घेतल्या.

शेवटच्या तीन पुस्तकांपुढची कोरी जागा बराच वेळ बघत बसले. मग तिथं लिहिलं: त्यांच्याच संघातल्या सिस्टरांसाठी, १९७० साली.